वच्छलाबाईंचा कच्चा डोळा

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी उमरेडहून नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा वच्छलाबाई बारापात्रे यांच्या पदरात काय पडणार होतं ते आधी मोजून घेऊ. एक डावा डोळा, हे तर उघडच; उजवा केव्हाच गेला होता. शिवाय सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बारीक कामाकडे बघायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. म्हणजे सहा आठवडे कांड्या भरायच्या नाहीत. ही दुसरी जमा पहिलीपेक्षा मोठी होती, पण ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही.

कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची नळी. नवरा मागावर बसतो आणि बायको चरख्यावर कांड्या भरते, ही कोष्ट्याच्या घरची जुनी वाटणी. मारोतराव बारापात्रे तासाभरात जेवढं विणत, तेवढं सूत वच्छलाबाईंनी तासाभरात गुंडाळून द्यायचं. चाळीस वर्षं हे चाललं होतं. लग्न झाल्यापासून नवरा आपल्याशी जे बोलला त्यातलं निम्मं "कांडी दे" एवढंच होतं, असं वच्छलाबाई म्हणत. मारोतरावांचा हिशेब वेगळा नव्हता. उरलेलं निम्मं "लवकर दे" असं होतं, एवढीच भर ते घालत.

उमरेडहून नागपूर तीस मैलसुद्धा नाही. छोट्या गाडीत बसलं की डुलत डुलत इतवारी स्टेशन येतं. पण वच्छलाबाईंना तो परमुलूखच. सूत घ्यायला इतवारीत यायचं आणि त्याच गाडीने परतायचं, यापलीकडे त्यांनी हे शहर पाहिलं नव्हतं. मुलगा केशव माग सोडून वीज मंडळात कारकून झाला होता आणि सीताबर्डीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होता. अडुसष्ट सालच्या आषाढात वच्छलाबाई तिथे उतरल्या, ऑपरेशन झालं, दहा दिवस उताण्या पडून राहिल्या, आणि श्रावण लागला तशी डॉक्टरांनी परवानगी दिली की संध्याकाळी थोडं चालवा, मोकळ्या हवेत बसवा.

मोकळी हवा जवळात जवळ म्हणजे गल्लीच्या टोकाचा कार्पोरेशनचा बगीचा. डोळ्यावर हिरवी पट्टी, एक हात सुनेच्या खांद्यावर, अशा वच्छलाबाई तिथे पोचल्या. सिमेंटच्या बाकावर बसल्या. डाव्या हाताला निशिगंधाचा वाफा होता. उजव्या हाताला एक गोल ओटा होता आणि त्या ओट्यावर लग्नाचा अख्खा बँड बसला होता.

हा बँड ओमप्रकाशचा. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नसतात. चार महिने वाजवलं नाही तर ओठ आखडतात, आणि गल्लीत वाजवलं तर लोक दगड मारतात. म्हणून ओमप्रकाशने बगीच्याच्या देवराव माळ्याला रोजचा एक पानविडा लावून दिला होता आणि जरीपटक्याच्या वस्तीतून सायकलवर क्लॅरिनेट अडकवून तो दररोज संध्याकाळी यायचा. सोबत आठ जण. सिनेमातली नवी गाणी बसवायची, जुन्या वराती घासूनपुसून ठेवायच्या. ऐकणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही, कारण चुकतमाकत वाजवायची लाज होती.

वच्छलाबाईंच्या कानांनी चाळीस वर्षं फक्त मागाची खटखट ऐकली होती. क्लॅरिनेटचा पहिला लांब सूर आला, तशी त्यांनी सुनेचा खांदा घट्ट धरला.

"काय झालं आत्याबाई, दुखून राहिलं का?" सुमतीने विचारलं.

"चूप बस वं," त्या म्हणाल्या. "आयकू दे."

त्या दिवसापासून दोघींचा नेम लागला. आणि इथे सुमतीचीही जमा मांडायला हवी. ती सावनेरची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि बगीचा दारापासून दोनशे पावलांवर असून तिने तो आतून पाहिला नव्हता. केशवचं म्हणणं असं की दिवेलागणीला चूल सोडून बायकोने बगीच्यात काहून जावं. आता सासू आंधळी, तिला एकटं कसं सोडणार. तेव्हा केशव दमून घरी येई तर कुलूप, किल्ली शेजारच्यांकडे, चहा आपला आपण. आईसाठी एवढं करायलाच हवं, असं तो स्वतःला समजावी आणि स्टोव्हला पंप मारी.

गणपतीच्या सुमाराला पट्टी गेली आणि चष्मा आला. भिंगं अशी जाड की त्यामागे वच्छलाबाईंचे डोळे लिंबाएवढे दिसायचे. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी तो चष्मा पहिल्यांदा चढवला आणि समोरच्या भिंतीवरची पाल दिसली, पालीची बोटं दिसली, पलीकडच्या बाईच्या लुगड्याचा काठ दिसला, तो धुवून किती फिका पडलाय तेही दिसलं. त्यांनी एकदा पोटभर बघून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की डोळा आला म्हणजे उद्याची गाडी आली. तुळशीच्या लग्नाला अजून दोन महिने होते.

"दिसते का, माय?" केशवने विचारलं.

"मानसं दिसतात बाप्पा," वच्छलाबाई म्हणाल्या, "पन तोंडं नाही दिसून राहिली."

डॉक्टरांनी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यावर तीन दातांची फणी काढलेली असते, दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. डॉक्टर छडी ठेवत गेले, वच्छलाबाई हात दाखवत गेल्या. वर असलं की खाली, डावीकडे असलं की उजवीकडे. बारा खुणा झाल्या.

डॉक्टरांनी छडी खाली ठेवली. "आजी, एकही बरोबर आलं नाही," ते म्हणाले. "न दिसणाऱ्याचंसुद्धा चारात एखादं चुकून बरोबर येतं."

केशवचा चेहरा उतरला. म्हणजे आईचं न दिसणाऱ्यांपेक्षाही वाईट आहे, असा अर्थ त्याने काढला.

"घरी काय काम असतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कांड्या भरते जी. सकाळी सहापासून."

डॉक्टरांनी केशवकडे पाहिलं, वच्छलाबाईंकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. केशवने त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा टाकली. डोळा अजून कच्चा आहे, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगू लागला.

सुमतीला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं. सासूबाई तांदूळ निवडत आणि एक खडा राहत नसे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर सरकवला की जवळचंही लख्ख दिसतं, हा शोध वच्छलाबाईंनी स्वतःच लावला होता.  केशवची सायकल दारात वाजली की सुमती तांदळाचं सूप सासूच्या पुढ्यातून उचलून आपल्या पुढ्यात घ्यायची. या गोष्टीवर दोघींत कधी एका शब्दाचीही चर्चा झाली नाही.

इकडे उमरेडला मारोतरावांचा माग अडला. दसऱ्याची गिऱ्हाइकं उंबरठ्यावर, आणि कांड्या कोण भरणार? त्यांनी शेजारची एक बाई लावून पाहिली. तिच्या कांड्या ढिल्या, दर वीतभर विणलं की धागा तुटायचा. मारोतरावांनी पोस्टकार्ड टाकलं. मग दुसरं टाकलं. तिसऱ्या कार्डात फक्त एवढंच होतं: "डोळा किती दिवसांत पिकतो हे कळवावे. आंबा याहून लवकर पिकतो." केशवने ते वाचून दाखवलं, तेव्हा वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आई रडतेय असं केशवला वाटलं.

पितृपक्षात मारोतराव स्वतःच येऊन थडकले. काखेत कापडात गुंडाळलेलं एक लुगडं, डोक्याला नवा अबोली फेटा, आणि उद्या सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन जायचंच हा निश्चय. दारातच त्यांनी परीक्षा सुरू केली.

"ओळखलं का वं?"

"आवाज तर केशवच्या बाबाचा दिसते," वच्छलाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"फेटा कोनत्या रंगाचा हाये?"

"तुमचा फेटा? असंन कोनत्या तरी मळक्या रंगाचा."

नव्या फेट्याला मळका म्हटलं तरी मारोतरावांनी परीक्षा सोडली नाही. केशव ऑफिसात होता. सुमती चहा ठेवत होती. मारोतराव बायकोसमोर उकिडवे बसले आणि बासष्टाव्या वर्षी त्यांनी तिला जीभ काढून दाखवली. मग दोन्ही कान ओढून वानराचं तोंड केलं. वच्छलाबाईंचे लिंबाएवढे डोळे समोर स्थिर. चहाच्या भांड्यापाशी मात्र काहीतरी फिसकन वाजलं.

"काय झालं सूनबाई?"

"उकळी आली, मामाजी," सुमती म्हणाली.

मारोतराव उठले. हा माणूस चाळीस वर्षं धाग्यांवर नजर ठेवून जगलेला. सून हसली, एवढं त्याला पुरेसं होतं. पण हसू म्हणजे पुरावा नव्हे. आणि पुराव्याशिवाय केशव आईला सोडणार नव्हता, कारण डॉक्टरांचा कागद तिच्या बाजूने होता.

संध्याकाळी तिघं बगीच्यात गेली. वच्छलाबाई नेहमीच्या बाकाच्या निशिगंधाकडच्या टोकाला बसल्या, मारोतराव दुसऱ्या टोकाला, मध्ये सुमती. ओमप्रकाशने लांबून हात केला. "आज आजोबापण आले," तो म्हणाला आणि नवं गाणं धरलं.

मारोतरावांनी काखेतलं गाठोडं सोडलं. "सूनबाई, हे तुमच्यासाठी. तीन आठवडे लागले. एकट्यानं विनलं."

लुगडं उलगडलं. निळं अंग, लाल करवती काठ. करवतीच्या दातांसारखी एकामागे एक टोकं, ही बारापात्र्यांची हातखंडा किनार. शेजारच्या बाकावरची प्रेमलताबाई मास्तरीण होती, कापडातलं तिला कळतं अशी वस्तीत समजूत होती. ती उठून आली, काठावर हात फिरवत म्हणाली, "किती सुरेख. कुठेही काही चूक नाही."

वच्छलाबाईंच्या जबड्यात काहीतरी हललं.

"पदरापर्यंत सारखं आलंय," प्रेमलताबाई म्हणाली.

वच्छलाबाईंनी मान निशिगंधाकडे वळवली. चष्म्याच्या कडेतून डोळे पुन्हा लुगड्याकडे आले. पुन्हा मान वळवली. ओट्यावर क्लॅरिनेट वर चढत होतं, पण त्यांचे कान आज तिकडे नव्हते. सुमतीने सासूच्या हातावर हात ठेवला आणि हळूच दाबला. वच्छलाबाईंनी एक गाणं संपेपर्यंत कसाबसा धीर धरला. दुसरं निम्मं होईपर्यंत धरला.

मारोतराव लुगड्याची घडी घालायला लागले. घाई काही नव्हती. "उद्या जाताना हेच इतवारीत व्यापाऱ्याले दाखवतो," ते सहज म्हणाले. "सांगतो, पाहा गा, वच्छलाबाईच्या घरचं काम हाये. मग सूनबाईले पाठवून देतो."

"माझ्या घरचं?" वच्छलाबाई म्हणाल्या. "पदरापासून हातभर अलीकडे करवतीचा दात पडला हाये, अन् तुम्ही ते माझ्या नावानं बाजारात फिरवता?"

प्रेमलताबाईने काठ डोळ्यांशी नेला. दात पडला होता. एवढासा, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच हात अंतर होतं.

"दिसते वाटते," मारोतराव म्हणाले.

ओट्यावर गाणं संपलं होतं. सुमती चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसली. प्रेमलताबाईला एकदम घरचं काम आठवलं आणि ती गेली. मारोतरावांनी घडी पूर्ण केली, मांडीवर ठेवली, वर हात ठेवला. उद्याची गाडी सकाळी सातची होती.

वच्छलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत चढवला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "आना इकडे ते."

"काहून?"

"आना म्हनते ना."

त्यांनी तो काठ मांडीवर घेतला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि पडलेल्या दातावरून नख फिरवलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"दात चुकून पडते तेव्हा बाजूचे दोन वाकडे होतात," त्या म्हणाल्या. "धागा ओढ घेते. हे दोन तर सरळ उभे हायेत. वैदूनं उपटल्यासारखा एकच दात साफ काढला." त्यांनी मान वर केली. "तुम्ही मुद्दाम पाडला."

मारोतराव फेटा सारखा करू लागले.

"मुद्दाम," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमच्या आज्यानं भोसल्यांच्या घरी लुगडी दिली. तुमच्या बापानं काठात चूक झाली म्हनून अख्खं लुगडं उकललं. अन् तुम्ही बायकोले पकडाले चांगल्या काठाचा दात पाडला. उमरेडात कोनाले सांगितलं ना मी, तर तुमच्या पंगतीले बसन का कोनी?"

"अवं, हळू बोल."

"हळूच बोलून राहिली. अजून."

इथे दोन्ही पारडी पाहून घेऊ. नवऱ्याच्या हाती बायकोचा डोळा होता. बायकोच्या हाती नवऱ्याचा काठ. कोष्ट्यांच्या वस्तीत कोणता गुन्हा मोठा, हे मारोतरावांना सांगावं लागणार नव्हतं. बायका दुखण्याचं सोंग करतात, ते लोक समजून घेतात. काठ जाणून बिघडवणारा विणकर अजून कोणी पाहिला नव्हता.

तेवढ्यात ओमप्रकाशने पुढचं गाणं सुरू केलं, वरातीचं, जलद चालीचं. मारोतराव विचारात होते, पण पाय विचारात नव्हते. ते मागाच्या पावडीवर असल्यासारखे आपोआप चालू लागले, डावा, उजवा, डावा, उजवा. मध्येच अडखळले. पुन्हा लागले, पुन्हा त्याच जागी अडखळले.

"हा ढोलवाला एक ठोका खाऊन राहिला," मारोतराव म्हणाले.

"श्रावनापासून खाते," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी कोनाले सांगू? मी तर आंधळी."

मारोतरावांना राहवलं नाही. ते उठून ओट्यापाशी गेले आणि ढोलवाल्याला हाताने ठोका दाखवू लागले. तो ऐकेना. मग ओमप्रकाशने वाजवणं थांबवलं. "काका, तुम्ही बँडमध्ये होते का?"

"मागावर होतो. चाळीस वर्षं. एक ठोका चुकला तर धोटा तोंडावर येते."

ओमप्रकाशने ढोलवाल्याकडे पाहिलं. "चल रे, काका बोलतात तसं." पाऊण तासाने बगीच्याचे दिवे लागले, तेव्हा मारोतराव ओट्याच्या कडेवर बसून मांडीवर थापा मारत होते आणि ढोल त्यांच्या थापेवर चालत होता. परत बाकाशी आले तेव्हा फेटा कलला होता.

"उद्याची गाडी..." ते म्हणाले.

"परवापन असते," वच्छलाबाई म्हणाल्या.

"अन् दसऱ्याचा माल? कांड्या कोन भरन?"

"मी भरतो," असं म्हणायची पाळी वच्छलाबाईंनी नवऱ्यावर येऊ दिली नाही. त्यांचा विचार आधीच तयार होता, बहुतेक गणपतीपासूनच. "चरखा अन् सूत इथं आना. दुपारी मी घरी बसून भरीन. शनवारी तुम्ही या, भरलेल्या घेऊन जा, नवं सूत ठेवून जा. तुळशीचं लगन झालं की मी येते."

"शनवारी येऊन त्याच दिवशी कसा जाऊ? म्हातारा मानूस. आइतवारी जाईन." मारोतराव ओट्याकडे बघत म्हणाले.

"तुमच्या लुगड्याचं मी नाव नाही काढत."

"अन् मी तुझ्या डोळ्याचं."

दोघांनी सुमतीकडे पाहिलं. तिने लुगडं उचलून आपल्या मांडीवर ठेवलं. "दात निऱ्यांत लपते, मामाजी," ती म्हणाली. एवढ्यावर सौदा झाला.

घरी केशव स्टोव्हपाशी बसला होता. खिचडी खाली लागली होती. "मग बाबा, उद्या नेता मायले?"

"नाही गा," मारोतराव फेटा उतरवत म्हणाले. "मी सोता पाहिला. डोळा कच्चाच हाये. आता हलवू नये."

दुसऱ्या आठवड्यात चरखा आला तेव्हा केशव जरा चरकला. "दिसत नाही तर कांड्या कशा भरन माय?"

"कांडी हातानं भरतात, डोळ्यानं नाही," मारोतराव म्हणाले. "तू मागावर बसला असता तर तुले ठाऊक असतं."

हे ऐकून केशव ओशाळला. कारकुनीच्या खुर्चीपायी बापाचा धंदा सोडल्याचं त्याला अधूनमधून लागायचं, आणि ते कुठे लागतं हे मारोतरावांना पक्कं माहीत होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही. उलट दर शनिवारी सुताचं ओझं आणायला तो सायकल घेऊन इतवारीला जाऊ लागला.

दसऱ्याचा माल वेळेवर गेला. कांड्या अशा घट्ट आल्या होत्या की महिनाभर धागा तुटला नाही. मारोतरावांनी त्याचं श्रेय नागपूरच्या हवेला दिलं. ओमप्रकाशचा ढोल सुधारला. देवराव माळ्याने निशिगंधाच्या वाफ्याकडचा बाक बारापात्र्यांचा म्हणून सोडून दिला, आणि आश्विनात शेवंती फुलली तेव्हा बाकाशेजारी चार कुंड्या आणून ठेवल्या, आंधळ्या बाईला वास तरी येऊ दे म्हणून. दिवाळीत सुमती नवं लुगडं नेसून बगीच्यात आली. प्रेमलताबाईने काठाकडे पाहिलं आणि नजर चटकन क्लॅरिनेटकडे वळवली.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी ओमप्रकाशच्या बँडला पहिली वरात होती आणि त्याच सकाळी वच्छलाबाई छोट्या गाडीने उमरेडला गेल्या. जाताना केशवने विचारलं, आता कसं वाटते, माय. आता दिसते बाप्पा, त्या म्हणाल्या, परवापासूनच दिसून राहिलं. केशवच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता बेरीज. बगीच्यातल्या संध्याकाळी: वच्छलाबाईंच्या ब्याऐंशी, सुमतीच्या ब्याऐंशी, मारोतरावांच्या चौदा. मारोतरावांच्या नावावर खर्ची पडला करवतीचा एक दात. वच्छलाबाईंना काहीच खर्च आला नाही. केशवने दवाखान्याच्या रांगेत आणि इतवारी स्टेशनावर मिळून त्या सालच्या बारा किरकोळ रजांपैकी साडेनऊ घालवल्या, दिवाळीला सावनेरच्या सासुरवाडीला त्याला जाता आलं नाही, आणि बँड त्याने एकदाही ऐकला नाही.